घरात येणाऱ्या दोन तारा

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या बहुतेक घरांत बाहेरून दोन तारा येत. एक टेलिफोनची, तांब्याची बारीक पिळदार जोडी. दुसरी केबल टीव्हीची, करंगळीएवढी जाड कोएक्सियल. दोन्ही टाकल्या गेल्या तेव्हा इंटरनेट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. दशक सरता सरता दोन्ही तारांमधून वेगवान इंटरनेट वाहू लागलं आणि टेलिफोनवाले विरुद्ध केबलवाले असा सामना रंगला.

कायद्याच्या लेखी मात्र या दोन तारा एका पंक्तीला बसणाऱ्या नव्हत्या. टेलिफोनची तार कंपनीच्या मालकीची असली, तरी ती प्रतिस्पर्ध्याला भाड्याने द्यायचं बंधन होतं. केबलची तार निव्वळ खासगी मालमत्ता. तिच्यावरून कुणाचं इंटरनेट जाईल ते मालक ठरवणार. अमेरिकेतल्या घरगुती इंटरनेटचा बाजार पुढे जसा घडला, त्याचं मूळ अभियंत्यांच्या कामगिरीपेक्षा या भेदात शोधावं असं माझं मत आहे. भेद टिकणार नव्हता हे उघड होतं. प्रश्न एवढाच होता, की बंद तार उघडायची की उघडी तार बंद करायची.

आधी तारांकडे पाहू. मोडेमची ती किरकिर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ५६ किलोबिटचा आकडा पाठ असेल. ही मर्यादा तांब्याची नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवला जाई, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढा पुरतो. मोडेमला त्या अरुंद पट्ट्यात सगळा कारभार उरकावा लागे. घरापासून एक्स्चेंजपर्यंतची तांब्याची जोडी मात्र, अंतर फार नसेल तर, दहा लाख हर्ट्झच्या पुढच्या वारंवारताही वाहून नेऊ शकते. म्हणजे एक्स्चेंजच्या दारातच बोलणं एकीकडे आणि डेटा दुसरीकडे वेगळा काढला, की झालं.

सांगायला सोपं. अडचण अशी, की रस्त्याखालून जाणाऱ्या जाड केबलमध्ये अशा शेकडो जोड्या एकमेकींना चिकटून असतात आणि उंच वारंवारतेचा सिग्नल एकीतून दुसरीत झिरपतो. त्रास सर्वांत जास्त होतो तो एकाच टोकाला. इथून जोरात सुटलेला सिग्नल, शेजारच्या जोडीवर लांबून येऊन क्षीण झालेल्या सिग्नलला पार झाकून टाकतो. टेलिफोन कंपन्यांच्या सामाईक संशोधन संस्थेत, बेलकोरमध्ये, जोसेफ लेचलायडर नावाचे अभियंते होते. १९८०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी या कोड्याला बगल दिली. दोन्ही दिशांना सारखा वेग हवाच कशाला? घराकडे जास्त पाठवा, घराकडून कमी येऊ द्या, आणि दोन्हींना वेगवेगळे पट्टे द्या. मग एका टोकाचा गोंगाट दुसऱ्याला झाकणार नाही. एडीएसएल या तंत्राचा पाया हाच. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांनी त्यावर पुढचं काम केलं: १.१ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे २५६ बारीक कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्प्यात गोंगाट किती ते मोजायचं आणि शांत कप्प्यांत जास्त, गोंगाटाच्या कप्प्यांत कमी डेटा भरायचा. १९९३मध्ये बेलकोरने घेतलेल्या चाचणीत हीच पद्धत सरस ठरली.

हा सगळा खटाटोप इंटरनेटसाठी नव्हताच. टेलिफोन कंपन्यांना घरोघरी मागणीनुसार सिनेमे पोचवून केबलवाल्यांच्या ताटातलं ओढायचं होतं. त्यांतल्या बेल अटलांटिकने व्हर्जिनियात तसे प्रयोगही केले. ते फळले नाहीत आणि एडीएसएल काही वर्षं फळीवर पडून राहिलं. या सुस्तीला आणखी एक कारण होतं, असं तेव्हाचे टीकाकार सांगत आणि मला ते पटतं. याच कंपन्या १.५ मेगाबिटची टी-वन लाइन कचेऱ्यांना महिन्याला शेकडो डॉलर घेऊन विकत होत्या. तोच वेग घरगुती दरात देऊन स्वतःच्या दुभत्या गाईला कोण उपाशी ठेवेल?

केबलवाल्यांची अडचण वेगळी होती. त्यांचं जाळं एका दिशेचं. मुख्य केंद्रातून वाहिन्या निघायच्या, वाटेतले अँप्लिफायर त्यांना रेटत पुढे न्यायचे आणि घरोघरी फाटे फुटायचे. घराकडून परत काही यायची सोयच नव्हती. ती करायची म्हणजे मोहल्ल्यापर्यंत फायबर न्यायचं, अँप्लिफायर बदलायचे आणि ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा पट्टा परतीसाठी मोकळा ठेवायचा. त्या पट्ट्यात शेकडो घरांतला कचरा एकत्र जमतो. कुठल्या तरी मागच्या खोलीतला एक ढिला कनेक्टरही अख्ख्या वस्तीच्या सिग्नलमध्ये खरखर मिसळू शकतो. फायदा एकच, पण दांडगा. टीव्हीच्या एका वाहिनीची ६ मेगाहर्ट्झची जागा दिली, की त्यातून सुमारे २७ मेगाबिट जातात. ते सगळ्या वस्तीत वाटून घ्यायचे, हे खरं. पण शेजारी झोपले असतील तर चंगळ. मार्च १९९७मध्ये केबल उद्योगाच्या संशोधन संस्थेने, केबललॅब्सने, डॉक्सिस हे समान मानक काढलं आणि केबल मोडेम दुकानात मिळण्याजोगी वस्तू झाली. १९९९ संपताना अमेरिकेत केबलची वेगवान इंटरनेट जोडणी सुमारे १४ लाख ठिकाणी होती. एडीएसएल ४ लाखांच्याही आत.

आता कायदा. १९८४मध्ये एटी अँड टीची टेलिफोन मक्तेदारी मोडून सात प्रादेशिक कंपन्या झाल्या. लोक त्यांना ‘बेबी बेल’ म्हणत. गावातली तार त्यांच्याकडे राहिली, म्हणजे एका मोठ्या मक्तेदारीच्या सात छोट्या मक्तेदाऱ्या. ८ फेब्रुवारी १९९६ला अध्यक्ष क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. त्याचा गाभा असा: जुन्या कंपनीने आपल्या जाळ्याचे भाग सुटे करून नव्या स्पर्धकांना रास्त भाड्याने द्यायचे, एक्स्चेंजमध्ये त्यांच्या यंत्रांना जागाही द्यायची. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, भाडं ठरवण्याचं सूत्रही आखलं. बेल कंपन्या लगोलग कोर्टात गेल्या.

या तरतुदीच्या भरवशावर कोव्हॅड, नॉर्थपॉइंट आणि ऱ्हिदम्स या तीन कंपन्या देशभर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं वेगवान इंटरनेट, विकायला उतरल्या. त्यांचं काम कसं चाले ते जवळून बघण्यासारखं आहे. बेल कंपनीच्या एक्स्चेंजच्या इमारतीत जाळीचा एक पिंजरा भाड्याने घ्यायचा. त्यात आपली यंत्रं मांडायची. पिंजऱ्याची किल्ली तुमची, इमारत मात्र ज्याच्याशी झुंजायचं त्याची. गिऱ्हाईक मिळालं की बेल कंपनीकडे तांब्याच्या जोडीची मागणी नोंदवायची. जोडी मिळेल तेव्हा तपासायची. घर एक्स्चेंजपासून १८,००० फुटांच्या, म्हणजे साडेपाच किलोमीटरच्या, पलीकडे असेल तर विषय संपला. इतक्या लांबच्या जोड्यांवर बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून जुन्या काळी ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी बसवलेली असत आणि ती उंच वारंवारता साफ अडवत. सगळं जुळलं तर बेल कंपनीचा तंत्रज्ञ येऊन घराच्या भिंतीपर्यंत जोडी आणणार, नंतर वेगळ्या दिवशी डीएसएल कंपनीचा माणूस आत मोडेम लावणार, आणि बिल पाठवणार ती तिसरीच इंटरनेट कंपनी. एक जण आला नाही की गाडं अडलं. गिऱ्हाइकाने तक्रार कुणाकडे करायची हे त्यालाही कळत नसे.

वरून दराचा अन्याय होता. बेल कंपनी स्वतःचं एडीएसएल बोलण्याच्याच जोडीवरून, म्हणजे तारेचा जवळपास काही खर्च न धरता देत असे. स्पर्धकाला मात्र अख्खी दुसरी जोडी भाड्याने घ्यावी लागे. नोव्हेंबर १९९९मध्ये एफसीसीने हा दोष काढला. जोडीचा खालचा पट्टा बोलण्याला, वरचा पट्टा स्पर्धकाला, अशी वाटणी करणं बंधनकारक केलं.

तोवर शेअर बाजारातला फुगा फुटायला आला होता. या कंपन्यांनी कर्ज काढून शेकडो एक्स्चेंजमध्ये पिंजरे मांडले होते आणि त्यांच्याकडून जोडण्या विकत घेणाऱ्या छोट्या इंटरनेट कंपन्या पैसे थकवून बुडत होत्या. नॉर्थपॉइंटमध्ये व्हेरिझॉन ही बेलचीच वारस कंपनी पैसे घालणार होती. नोव्हेंबर २०००मध्ये तिने काढता पाय घेतला. जानेवारी २००१मध्ये नॉर्थपॉइंटने दिवाळखोरी जाहीर केली. एटी अँड टीने तिची यंत्रसामग्री साडेतेरा कोटी डॉलरना उचलली, गिऱ्हाइकं मात्र घेतली नाहीत, आणि मार्चअखेर सुमारे १ लाख जोडण्या बघता बघता बंद पडल्या. ऱ्हिदम्स आणि कोव्हॅड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आश्रयाला गेल्या. कोव्हॅड तेवढी वर्षाच्या शेवटी सावरली. तार भाड्याने देण्याचं धोरण चुकलं, असा निष्कर्ष या प्रकरणातून अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. दराचा दोष काढल्यावर धोरणाला धड दोन वर्षंही मिळाली नव्हती, आणि जी मिळाली तीही कोर्टबाजीत.

केबलच्या बाजूला तेव्हा वेगळंच नाट्य चाललं होतं. एटी अँड टीने टीसीआय आणि मीडियावन या केबल कंपन्यांवर मिळून १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ओतली. टीसीआयबरोबर ‘ॲट होम’ ही इंटरनेट कंपनीही तिच्या पंखाखाली आली. टीसीआयच्या केबलवर इंटरनेट हवं असेल तर ते ‘ॲट होम’चंच घ्यायचं, दुसऱ्याचं आवडत असेल तर दोघांना पैसे मोजायचे. ‘ॲट होम’ने घराकडून पाठवण्याचा वेग १२८ किलोबिटवर आणून ठेवला होता आणि भागीदारांच्या व्हिडिओंना दहा मिनिटांची मर्यादा घातली होती. लांबलचक व्हिडिओ हा तर केबलचा मूळ धंदा. त्याला स्पर्धा घरच्याच तारेवरून कोण येऊ देईल?

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने इथे पाय रोवला. टीसीआयचा स्थानिक परवाना एटी अँड टीच्या नावे करायला शहराची संमती लागणार होती. डिसेंबर १९९८मध्ये शहराने आणि मल्टनोमा काउंटीने अट घातली: केबल इतर इंटरनेट कंपन्यांनाही खुली करा. एटी अँड टी कोर्टात गेली. जून १९९९मध्ये जिल्हा न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली आणि इतर शहरंही सरसावली. एफसीसीचे अध्यक्ष विल्यम केनार्ड यांना हे पसंत नव्हतं. देशातल्या हजारो स्थानिक संस्थांनी आपापले नियम केले तर गोंधळ माजेल, तंत्रज्ञान अजून बाल्यावस्थेत आहे, थोडं थांबा, असा त्यांचा सूर होता.

कोण कुठल्या बाजूला उभं होतं ते पाहिलं की हसू येतं. बेल कंपन्यांची तार उघडा म्हणून वर्षानुवर्षं आग्रह धरणारी एटी अँड टी स्वतःची केबल बंद ठेवायला लढत होती. स्वतःची तार देताना खळखळ करणाऱ्या टेलिफोन कंपन्या केबल खुली करण्याच्या आघाडीत होत्या. अमेरिका ऑनलाइन ही इंटरनेट कंपनी या आघाडीचा ढोल सर्वांत जोरात वाजवत होती. जानेवारी २०००मध्ये तिने टाइम वॉर्नर आणि तिची केबल विकत घ्यायचं जाहीर केलं आणि ढोल थांबला. विलीनीकरणाला संमती देताना फेडरल ट्रेड कमिशनने तिला टाइम वॉर्नरच्या केबलवर अर्थलिंक या प्रतिस्पर्ध्याला आधी जागा द्यायला लावली. बंद केबल सरकारने उघडायला लावल्याचं हे ठळक उदाहरण, आणि ते विलीनीकरणाची अट म्हणून. सगळ्यांना लागू नियम म्हणून नव्हे.

जून २०००मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने पोर्टलंडचा निकाल फिरवला. शहर हरलं, पण निकालाचं कारण वाचून केबल कंपन्यांच्या पोटात गोळा आला. न्यायालय म्हणालं, केबलवरचं इंटरनेट ही टीव्हीसारखी केबल सेवा नव्हे, म्हणून शहराला त्यात हात घालता येत नाही. त्यातलं वहनाचं काम दूरसंचार सेवेत मोडतं. आणि दूरसंचार सेवा म्हटली की तार सर्वांना समान अटींवर देण्याची टेलिफोनची जुनी बंधनं तिच्यामागे आलीच.

हा धागा एफसीसीने पकडून ओढला असता तर पुढची कथा वेगळी झाली असती. केनार्ड यांच्या जागी आलेले मायकेल पॉवेल यांचं गणित निराळं होतं. घरात दोन तारा आहेत ना? मग दोन मालक आपसांत झुंजतील, नवी गुंतवणूक करतील, भाड्याने तार देण्याची सक्ती कशाला? मार्च २००२मध्ये एफसीसीने जाहीर केलं, की केबलवरचं इंटरनेट ही एकसंध माहिती सेवा आहे, दूरसंचार सेवा नव्हे. तिच्यातलं वहन वेगळं काढून विकलंच जात नाही. ब्रँड एक्स या कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या छोट्या इंटरनेट कंपनीने याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं.

२७ जून २००५ला सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांच्या बहुमताने सांगितलं, की कायदा संदिग्ध असेल तर अर्थ लावायचा अधिकार तज्ज्ञ संस्थेचा. विरोधी मत लिहिलं अँटोनिन स्कॅलिया यांनी, जे कुठल्याही अर्थाने नियमनप्रेमी नव्हते. त्यांचा मुद्दा पिझ्झाचा होता. घरपोच पिझ्झा देणाऱ्या दुकानाने ‘आम्ही पिझ्झा विकतो, पण पोचवण्याची सेवा देत नाही’ असं म्हटलं तर कोण मान्य करील? केबल कंपनी डेटा घरी आणून पोचवते, म्हणजे पोचवण्याची सेवा देतेच, एवढं साधं त्यांचं म्हणणं. मला हे विरोधी मत बहुमतापेक्षा जास्त पटतं. दोन महिन्यांच्या आतच, ऑगस्ट २००५मध्ये, एफसीसीने डीएसएललाही माहिती सेवेच्या कप्प्यात टाकलं. वरच्या पट्ट्याच्या वाटणीचा नियम न्यायालयाच्या धक्क्यांनंतर आधीच निकालात निघाला होता. दोन्ही तारांना अखेर समान न्याय मिळाला. दोन्ही बंद झाल्या.

पॉवेल यांच्या दोन मालकांच्या झुंजीचं काय झालं? काही वर्षं ती खरोखर चालली. मग डॉक्सिसच्या तिसऱ्या आवृत्तीने अनेक वाहिन्या एकत्र जोडून केबलचा वेग शंभर मेगाबिटच्या पलीकडे नेला आणि एक्स्चेंजपासून लांबचं तांबं मागे पडलं. व्हेरिझॉनने काही भागांत घरापर्यंत फायबर टाकलं, पण २०१०च्या सुमारास नवा विस्तार थांबवला. जिथे फायबर पोचलं नाही तिथे खऱ्या वेगाची तार एकच उरली.

उलट वाट धरली जपानने. तिथे एनटीटी या जुन्या कंपनीला जोडीचा वरचा पट्टा स्पर्धकांना द्यावा लागला, तोही महिन्याला २०० येनहून कमी भाड्यात. २००१मध्ये सॉफ्टबँकेच्या मासायोशी सोन यांनी याहू बीबी सुरू केलं: ८ मेगाबिट, साधारण ३,००० येनच्या आत, आणि मोडेम रस्त्यावर तंबू लावून फुकट वाटलेले. एनटीटी दाद देत नाही म्हणून आपण मंत्रालयात जाऊन अंगावर पेट्रोल ओतून घेण्याची धमकी दिली होती, असं सोन यांनीच पुढे सांगितलं आहे. तांब्याची जोडी अमेरिकेतली तीच. जपानात घरं एक्स्चेंजच्या जवळ होती हा फायदा मान्य. पण दर कोसळले ते नियमामुळे.

भारतापुढे हा प्रश्न २००४मध्ये आला. तेव्हा देशात टेलिफोनच्या चार कोटींहून अधिक तारा होत्या, बहुतेक बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ट्रायने, एप्रिलमध्ये शिफारस केली की या तारा खासगी कंपन्यांनाही खुल्या कराव्यात. १४ ऑक्टोबर २००४ला ब्रॉडबँड धोरण आलं, २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या झाली, पण त्या शिफारशीला वाटाण्याच्या अक्षता लागल्या. परस्परसंमतीने काय करार करायचे ते कंपन्यांनी करावेत, एवढ्यावर बोळवण झाली. मुंबईत एमटीएनएलचं ट्रायबँड आणि उरलेल्या महाराष्ट्रात बीएसएनएलचं डेटावन तांब्यावरून आलं, तर दुसऱ्या तारेची जागा गल्लीतल्या केबलवाल्याने घेतली. त्याने बऱ्याच ठिकाणी केबल मोडेमच्या भानगडीत न पडता साधी इथरनेटची वायर गच्चीवरून गच्चीवर फेकली आणि शंभर मीटरच्या मर्यादेत जिन्यातल्या मीटरच्या पेटीशेजारी एकेक स्विच टांगला. धोरणात २०१०पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचं उद्दिष्ट होतं. त्या वर्षाअखेर आकडा १.१ कोटीच्या आसपास होता.

अमेरिकेत शब्दांची ओढाताण चालूच राहिली. २०१५मध्ये एफसीसीने इंटरनेट जोडणीला पुन्हा दूरसंचार सेवा ठरवलं, २०१७मध्ये ते रद्द केलं, २०२४मध्ये परत आणलं. जानेवारी २०२५मध्ये सहाव्या सर्किटच्या न्यायालयाने ते मोडीत काढलं, आणि त्यासाठी ब्रँड एक्समध्ये बहुमताने ज्या तत्त्वाचा आधार घेतला होता तेच सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये टाकून दिल्याचा हवाला दिला. या सगळ्या वर्षांत वाद होता तो तारमालकाने संकेतस्थळांमध्ये भेदभाव करावा की नाही, याचा. पोर्टलंडने मागितलेली गोष्ट, म्हणजे तार दुसऱ्या कंपनीला भाड्याने देण्याची सक्ती, २०१५च्या आदेशातही नव्हती. ती आपण वापरणार नाही, असं एफसीसीने त्या आदेशातच लिहून ठेवलं होतं.